गवत कापून झाल्यावर : लहान पेट्रोल इंजिनाची साठवण

बागायतदार मंडळींनो, कलमांखालचे गवत कापून झाले की ग्रास कटर पडवीत टांगला जातो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याची कोणाला आठवण होत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या किनारपट्टीवरची वीज तोडली. तशा प्रसंगासाठी ज्यांनी पेट्रोलचा जनरेटर घेऊन ठेवला आहे, त्यांचे यंत्र तर वर्षातील बहुतेक दिवस बसूनच असते. ही इंजिने चालून जितकी बिघडतात, त्याहून अधिक पोटात पेट्रोल ठेवून बसल्याने बिघडतात, हे माझे आजचे मुख्य म्हणणे आहे.

पेट्रोल हा एकच पदार्थ नसून शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक टाकीच्या झाकणातील हवेच्या छिद्रावाटे उडून जातात आणि थंड इंजिन पहिल्या ओढीत सुरू होते ते याच घटकांमुळे. मागे राहिलेल्या भागाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट राळ तयार होते. कार्बोरेटरमधील (पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागातील) मुख्य जेटचे, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचे, छिद्र एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असल्यामुळे तिथे राळेचा पातळसा थरही इंधन अडवायला पुरतो.

आता त्यात इथेनॉलची, म्हणजे उसापासूनही बनणाऱ्या अल्कोहोलची, भर पडली आहे. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये ते 20 टक्क्यांपर्यंत असते (आपल्याकडे ऊस नाही, पण घाटावरच्या उसाचा अंश अशा रीतीने आपल्या टाकीत पोहोचतोच). इथेनॉल पाणी शोषून घेते. थोडे पाणी त्यात निमूट विरघळते; मात्र भर पावसात झाकण उघडून पेट्रोल ओतताना चार थेंब आत गेले, वर दमट हवेतील ओलावा मिळाला आणि मर्यादा ओलांडली गेली, की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व तळाशी बसतात. टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागणाऱ्या, ग्रास कटरमध्ये ही गोष्ट विशेष घातक असते, कारण आपण मिसळलेले ऑइल बहुतांशी वरच्या पेट्रोलच्या थरात राहते, तर इंधन ओढणारी नळी टाकीच्या तळाशी असते. असे इंजिन एक तर सुरूच होत नाही, किंवा सुरू झालेच तर वंगणावाचून चालून पिस्टन जॅम होतो. जनरेटरसारख्या फोर-स्ट्रोक यंत्रात, जिथे ऑइल वेगळे भरतात, हेच पाणी कार्बोरेटरच्या वाटीत साचते आणि आतल्या धातूवर पांढरी भुकटी धरते.

टाकी काठोकाठ भरून, त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारे रसायन) घालून यंत्र ठेवावे, असा एक सल्ला दिला जातो. स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलचे शिळे होणे लांबवतो, हे खरे. शिळ्या पेट्रोलला तो ताजे करीत नाही. आपल्या दमट किनाऱ्यावर आणि सहा-आठ महिन्यांच्या मुक्कामासाठी मी टाकी रिकामी करण्याच्याच बाजूचा आहे. जनरेटरची टाकी पत्र्याची असेल, तर ती रिकामी झाल्यावर आत थोडे ऑइल टाकून यंत्र सावकाश हलवावे, म्हणजे पत्र्याला गंज चढणार नाही.

पेट्रोल काढण्याचे काम उघड्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना आणि विडी-काडी दूर ठेवून करावे. त्यानंतर उरलेल्या थेंबांवर इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. जनरेटरवर त्या वेळी कोणताही भार नसावा. बंद पडल्यावर चोक लावून आणखी एकदा प्रयत्न करावा. जनरेटरच्या कार्बोरेटरच्या वाटीखाली एक लहान स्क्रू असतो. तो सैल केल्याखेरीज तळातले शेवटचे पेट्रोल निघत नाही, आणि नेमके तेच पुढे जेट बुजवते. ग्रास कटरमध्ये अशी वाटी नसून रबरी पडदा असतो, म्हणून तिथे टाकी रिकामी केल्यावर प्रायमरचा (पेट्रोल ओढून घेणारा) रबरी फुगा दाबत राहून नळी कोरडी करावी. पडदा कोरडा राहिला की कडक होतो, असा काही मेकॅनिकांचा आक्षेप आहे. तो अगदी निराधार नाही, पण पडदा बदलता येतो. गंजाने खाल्लेला कार्बोरेटर मात्र सगळाच नवा घ्यावा लागतो.

फोर-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल साठवणीनंतर नव्हे, आधी बदलावे, आणि तेही इंजिन कोमट असताना. जुन्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्ले व पाणी असते आणि ते महिनोन्महिने बेअरिंगांवर बसून राहते. मग प्लग काढून त्या भोकातून चमचाभर स्वच्छ ऑइल सिलिंडरमध्ये सोडावे, दोरी दोन-तीनदा हळू ओढावी, प्लग परत बसवावा आणि दोरीला अडकल्यासारखा जोर लागेल त्या ठिकाणी थांबावे. तिथे हवा आत-बाहेर सोडणारे दोन्ही व्हॉल्व बंद असतात, त्यामुळे बाहेरची दमट हवा सिलिंडरात शिरत नाही.

फोमचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. सायलेन्सरच्या तोंडाला कापडाचा बोळा लावावा, नाहीतर कुंभारीण माशी तिथे मातीचे घर बांधते. बोळ्याची चिंधी बाहेर लोंबती ठेवावी, म्हणजे सुरू करताना तो काढायचे विसरणार नाही. यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये, आतल्या आत घाम धरतो. जुनी सुती चादर पुरेशी आहे. ते जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावे, आणि प्लगच्या वायरीकडे उंदरांचे लक्ष जाते हे ध्यानात असू द्यावे.

काढलेले साधे पेट्रोल ताजे असेल तर मोटारसायकलमध्ये वापरता येते. ऑइल मिसळलेले मात्र त्यात घालू नये; म्हणून हंगामाच्या अखेरीस मिश्रण त्या दिवशी लागेल तेवढेच करावे.