मेथीच्या जुड्या आणि कलम 19

नमस्कार श्रोतेहो.

"गाडी आली!" एवढी एक हाक, आणि स्टेशनबाहेरच्या गल्लीत धावपळ सुरू. प्लास्टिकच्या कापडाची चारही टोकं आधीच दोरीला बांधलेली असतात, ओढली की दुकानाचं बोचकं. परवा एका मावशींच्या हाती ती दोरी यायच्या आत मेथीच्या जुड्या अतिक्रमण विभागाच्या गाडीत जाऊन पडल्या. मी शेजारीच उभा होतो, सुटे पैसे मोजत.

"मावशी, जप्तीची यादी मागा की."

"यादी?" त्यांनी पदराला हात पुसले. "गोदामावर जायचं, दंड भरायचा आणि सडका पाला घरी आणायचा! त्यापरीस उद्या नवा माल भरीन."

मंडळी, ही यादी मी मनाने काढलेली नव्हे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचं संरक्षण करणारा केंद्राचा कायदा 1 मे 2014 पासून लागू आहे. त्याचं कलम 18 म्हणतं, जागेवरून उठवायचं तर आधी 30 दिवसांची नोटीस द्या. त्याउपर कोणी हललं नाही आणि माल उचलावा लागला, तर कलम 19 प्रमाणे यादी करून, सही करून तिची प्रत विक्रेत्याला द्यायची. नाशवंत माल मागितल्या दिवशीच परत करायचा, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. हा कायदा लिहिताना कोणीतरी मेथीचा विचार केला होता म्हणायचा!

मग अडतं कुठे? मुंबईत महापालिकेचा 1888 चा कायदा आहे, त्यात विनानोटीस सामान हटवायची मुभा आहे. 2014 चा कायदा इतर कायद्यांना वरचढ ठरेल, असं त्यातच लिहिलंय. पण गाडीवरच्या माणसाची सवय जुन्या कायद्याची. आणि खरी मेख कलम 28 मध्ये आहे. नियम मोडणाऱ्या विक्रेत्याला दोन हजारांपर्यंत दंड. यादी न देणाऱ्या अधिकाऱ्याला? काहीच नाही.

पदपथावरून चालणाऱ्यालाही वाट हवी, हे मला मान्य आहे. म्हणून तर सर्वेक्षण, प्रमाणपत्रं, विक्रीच्या ठरलेल्या जागा आणि विक्रेत्यांनी निवडलेले 40 टक्के सदस्य असलेली नगर पथविक्रेता समिती, अशी सगळी मांडणी या कायद्यात केली. मुंबईत त्या प्रतिनिधींसाठी मतदान व्हायला ऑगस्ट 2024 उजाडला. दहा वर्षं!

जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगितलं, तेही मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात. आणि त्याच निकालात त्यांना पावसाळ्यानंतर हलवायला परवानगीही दिली. हक्क कागदावर आला, माणसं उठलीच.

म्हणून माझं मागणं एका दुरुस्तीपुरतं आहे. कलम 28 मध्ये एक ओळ वाढवा: यादी न देता माल उचलला, तर उचलणाऱ्याच्या पगारातून दंड, आणि माल नासला तर त्या दिवशीच्या बाजारभावाने भरपाई.

तोवर, गाडीत माल चढत असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मालाची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. शिक्क्याची, तारखेची. पालेभाजी असेल तर त्याच दिवशी जा, कार्यालय बंद व्हायच्या आत.