दोन डॉलरचा प्रश्न

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘साध्या मजकुरातली समीकरणं : खूण बदलावी का?’ शनिवारी संध्याकाळी या विषयाला एवढी माणसं जमली म्हणजे निम्म्यांना तरी कुणीतरी जबरदस्तीने आणलेलं असणार. जे स्वखुशीने आलेत त्यांच्यासाठी बोलतो. बाकीच्यांनी मागचे पंखे सांभाळावेत.

मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून मांडणी सांगायची पद्धत, तुम्ही रोज लिहिता, त्यामुळे बाराखडी सांगत बसत नाही. ओळीतल्या गणिताला दोन्हीकडे एकेक डॉलर आणि स्वतंत्र ओळीवर मांडायच्या समीकरणाला दोन-दोन. भांडण या दोन-दोनचं आहे. पण आधी, डॉलरच का? संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ साली आपल्या प्रोग्रामिंगवरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी मुद्रितं पाहिली आणि ते इतके वैतागले, की अक्षरजुळणीचा प्रोग्राम स्वतःच लिहायला बसले. तोच टेक. गणिताची जुळणी छापखान्यात महाग पडते, म्हणून गणिताला खूण डॉलरची, असा खुलासा त्यांनीच केलाय. म्हणजे एका प्राध्यापकाचा विनोद आपण गेली चाळीसहून जास्त वर्षं टंकतोय.

आणि मराठीत टंकताना तो विनोद आणखी महाग पडतो. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर शिफ्ट आणि चार दाबून पाहा. डॉलर येत नाही, रफार येतो. टेकवरच उभारलेल्या लाटेकची स्वतंत्र समीकरणासाठीची अधिकृत खूण म्हणजे बॅकस्लॅश आणि चौकटी कंस. ती टंकायला जाल तर हातात ‘ॉड’ पडतं. एका समीकरणासाठी कीबोर्ड इंग्रजीत न्या, परत आणा. हे खूण ठरवणाऱ्यांच्या गावीही नसतं.

आता माझं जुनं दुखणं. एका नियतकालिकाच्या संकेतस्थळासाठी मी परदेशी पुस्तकांवर लेख लिहिला. गणिताचा त्यात मागमूस नव्हता. किमती तेवढ्या तीन ठिकाणी डॉलरमध्ये होत्या. त्यांच्या यंत्रणेत एकेरी डॉलर म्हणजे गणित. झालं! पहिल्या किमतीपासून दुसऱ्या किमतीपर्यंतचं अख्खं वाक्य गणित ठरलं. गणितात शब्दांमधल्या मोकळ्या जागेला किंमत नसते, त्यामुळे शब्द एकमेकांना चिकटले. शिवाय प्रत्येक चिन्ह सुटं मांडलं गेलं, म्हणून वेलांट्या अक्षरं सोडून टिंबांच्या गोलावर जाऊन बसल्या. ‘किंमत’ या शब्दाचं पार भजं झालं होतं. तिसऱ्या डॉलरला जोडीदार मिळाला नाही म्हणून तो बिचारा डॉलरच राहिला.

संपादकांचा फोन. “सर, तुमचा फाँट खराब आहे.” मी म्हटलं, “फाँट नाही हो, चलन खराब आहे.” त्यांना वाटलं मी महागाईबद्दल बोलतोय. मग म्हणाले, “रुपयांत लिहा ना, वाचकांनाही सोयीचं.” मी समजावत होतो, ते ‘हो हो’ म्हणत होते, आणि लेख महिनाभर तसाच टांगलेला. एका वाचकाने तर कळवलं की गणिती भाग डोक्यावरून गेला, बाकी लेख छान!

यात खरं म्हणजे अवघड काहीच नाही. पॅन्डॉक म्हणून फायली एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेणारा प्रोग्राम आहे, त्याचा नियम असा, बंद करणाऱ्या डॉलरच्या लगेच आधी मोकळी जागा असेल तर तो बंद करणारा डॉलरच नव्हे. माझ्या दुसऱ्या डॉलरच्या आधी जागा होती, म्हणजे हा नियम असता तर लेख वाचला असता. वेबपानांवर गणित दाखवणाऱ्या मॅथजॅक्सवाल्यांनी तर एकेरी डॉलर मुळात बंदच ठेवलाय, हवा त्याने चालू करावा.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. अहो, विषय तर आता कुठे सुरू होतोय! बरं, भराभर सांगतो.

पहिली सूचना : दुहेरी डॉलर सोडा, लाटेकसारखे \[ आणि \] घ्या. लाटेकमध्ये हे बरोबरच आहे. तिथे समीकरणं डावीकडून लावा असं सांगितलं तरी दुहेरी डॉलर ऐकत नाही. पण जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये आणलेल्या मूळ मार्कडाउनमध्ये कंसाआधीचा बॅकस्लॅश गिळला जातो आणि नुसता कंस उरतो. सूचना बाद.

दुसरी : तीन बॅकटिकांचा, म्हणजे ``` या खुणेचा, ठोकळा, वर ‘मॅथ’ लिहायचं. गिटहब हे प्रोग्रामरांचं संकेतस्थळ ते समजतं. आतल्या अंडरस्कोअरला कुणी तिरप्या ठशाची खूण समजत नाही, हा फायदा मोठा. पण ठोकळा परिच्छेद तोडतो, आणि माझा सगळा आक्षेप इथे आहे. हे वाक्य बघा : ‘त्रिज्या त असलेल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ’, खाली मधोमध ‘क = πत²’, पुढच्या ओळीवर ‘असल्यामुळे त्रिज्या दुप्पट केली की ते चौपट होतं.’ इंग्रजीत समीकरण बऱ्याचदा वाक्याच्या शेवटी येतं, पूर्णविराम दिला की सुटलो. आपलं क्रियापद शेवटी, म्हणून आपलं समीकरण हटकून वाक्याच्या पोटात. तिथे ठोकळा घातला की ‘असल्यामुळे’पासून नवा परिच्छेद सुरू होतो. अशा पुस्तिका मी तपासल्यात, डोळे दुखतात.

टेकला हे पहिल्यापासून कळलेलं आहे. समीकरणाच्या आधी पान तोडण्याचा दंड तिथे १०,००० ठेवलाय, म्हणजे तोडायचंच नाही. वरची ओळ आखूड असेल तर मधली जागाही कमी होते. पॅन्डॉकही आतून मांडलेलं समीकरण ओळीतला घटक म्हणूनच धरतो.

म्हणून माझं मत तिसऱ्या सूचनेला. पॅन्डॉकचेच जॉन मॅकफार्लेन यांनी २०२२ मध्ये जॉट ही मार्कडाउनसारखीच नवी पद्धत आणली. त्यात दोन डॉलर आणि लगेच बॅकटिकांमध्ये समीकरण. शेवटी डॉलर नाही. आतल्या मजकुराला हात लागत नाही, परिच्छेद तुटत नाही, आणि नुसता डॉलर डॉलरच राहतो. माझ्या संपादकांचा प्रश्न तिथल्या तिथे मिटला असता. टाइप्स्ट या नव्या अक्षरजुळणीच्या प्रोग्राममध्ये डॉलरच्या आत दोन्हीकडे जागा सोडली की समीकरण खाली उतरतं. दिसायला सुटसुटीत, पण न दिसणाऱ्या खुणेवर अर्थ टांगणं मला पटत नाही. मुद्रितं तपासणारा माणूस जागा मोजत बसणार का?

जुन्या फायलींचं काय, हा रास्त प्रश्न. वाचताना दोन्ही खुणा चालवा, लिहिताना नवीच काढा. बदलाबदली पॅन्डॉक करून देतो. कीबोर्डचा त्रास मात्र नव्या खुणेनेही जात नाही, तो वेगळा लढा.

समीकरणाच्या क्रमांकाबद्दल कुणीतरी हात वर केलाय. जॉटमध्ये महिरपी कंसात ओळखचिन्ह जोडता येतं. क्रमांक छापायचा कुणी, त्यावर माझ्याकडे आणखी दहा मिनिटांचा मजकूर आहे, पण अध्यक्ष माईककडे बघतायत.