कंदील खाली ठेव

नमस्कार, श्रोतेहो.

घरात काही हरवलं की आमच्या गोव्यातल्या बार्देशात आधी सांत आंतोनचं नाव घेतात, मग कपाट उघडतात. हरवलेलं मिळवून देणारा संत तो. शिवोलीची इगर्जच, म्हणजे चर्चच, त्याच्या नावाची, आणि त्याचं फेस्त, म्हणजे सण, १३ जूनला, अगदी पावसाच्या तोंडावर. आज मला बोलायचं आहे हरवलेल्याला शोधत येणाऱ्या देवाबद्दल. पण आधी एका फिरकीबद्दल सांगतो.

मी तेव्हा आठेक वर्षांचा. फेस्ताच्या आदल्या दुपारी माझ्या शामायला, म्हणजे आजीला, कानातली कुडी सैल लागली. हात लावून बघते तर मागची फिरकी गायब. फिरकी केवढी असते ते तुम्हाला काय सांगायचं, मुगाच्या दाण्याएवढी. बाहेर पाऊस कोसळतोय, वीज गेलेली. वीज तेव्हाही पहिल्या सरीला जायची, आताही जाते. गोव्यात एवढे पूल झाले, दोन विमानतळ झाले, ही एक गोष्ट मात्र आम्ही जिवापाड जपली आहे.

शामायने आधी चुलीवरची कढी उतरवली. मग दार लावून घेतलं. कुणी बाहेर जायचं नाही, आत यायचं नाही, फिरकी पायाला चिकटून जाईल. मग हिरांची सारण, म्हणजे झाडू, घेतली आणि शेणाने सारवलेली सगळी जमीन कडेकडेने झाडत मध्यापर्यंत आणली. केर सुपात भरला आणि पाखडायला बसली. त्या सुपात काय काय निघालं! तांदळाची कणी, केसांचा गुंता, काकणाचा हिरवा तुकडा, मे महिन्यात हरवलेली माझी गोटी. फिरकी नाही. (हल्ली प्लॅस्टिकच्या झाडूने झाडतात. त्याने केर नुसता जागा बदलतो. हे मी याच माइकवरून पूर्वीही बोललोय, पुन्हाही बोलणार.)

मग ती म्हणाली, "पुता, दिवो हाड." मी कंदील आणला आणि खुंटीला अडकवायला लागलो. तर म्हणते, "वयर न्हय, सकयल दवर." वर नको, खाली ठेव. कंदील जमिनीवर ठेवला आणि ही सत्तरी ओलांडलेली बाई गाल जमिनीला टेकून चक्क आडवी झाली. उजेड असा खालून तिरका गेला की बारीक खड्याचीसुद्धा लांब सावली पडते. कंदील वीतभर सरकवायचा, गाल टेकायचा, बघायचं. पुन्हा वीतभर. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा रगड्याच्या बुडाशी एक ठिणगी चमकली.

"मेळ्ळी गे, मेळ्ळी!" दार उघडून भर पावसात तिने शेजारणींना हाका मारल्या. त्या आल्या, साडीचे पदर डोक्यावर घेऊन, ओल्या पायांनी. मग तव्यावर पोळे पडायला लागले, अख्खा नारळ फुटला, गुळाची अर्धी ढेप चुनात, म्हणजे पोळ्यांबरोबरच्या गोड खोबऱ्यात, गेली. शापाय, म्हणजे आजोबा, बाहेर बल्कांवातल्या, म्हणजे ओसरीवरच्या, सोप्यावर बसून हिशेब करत होते. म्हणाले, फिरकीपेक्षा गूळ महाग पडला.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात येशू तीन गोष्टी सांगतो. का सांगतो? तर हा पापी लोकांना जवळ करतो, त्यांच्या पंक्तीला बसतो, म्हणून परूशी आणि शास्त्री कुरकुरत होते. शंभरातलं एक मेंढरू हरवतं, दहातलं एक नाणं हरवतं, दोनातला एक मुलगा हरवतो. पाद्री प्रवचनात मुलाची गोष्ट घोळून घोळून सांगतात, मेंढराचं चित्र तर घरोघर भिंतीवर असतं. नाण्याच्या बाईला कुणी विचारत नाही. तिचं नाणं म्हणजे एका दिवसाची मजुरी. ती दिवा लावते, घर झाडते आणि मिळेपर्यंत शोधते.

आता बघा. मेंढरू निदान ओरडतं. मुलगा स्वतःच्या पायांनी घरी येतो. नाणं हाक मारत नाही. आपण हरवलोय हेही त्याला ठाऊक नसतं. शिवाय ते रानात नाही, घरातच हरवलेलं असतं. दर आयताराला, म्हणजे रविवारी, चर्चमध्ये मिसाला जाणारे आम्हीही त्यात आलो. सगळी धडपड दिवा घेतलेल्या हाताची. पुन्हा सांगतो, नाणं हाक मारत नाही, तरी शोधलं जातं.

मराठी ख्रिस्ती माणूस याला तारण म्हणतो. हल्ली तारण म्हटलं की सोनंतारण कर्जाची पाटी डोळ्यांसमोर येते, पण तोही अर्थ अगदीच परका नाही. गहाण पडलेलं कुणीतरी किंमत मोजून सोडवून आणतं. ती किंमत क्रुसावर मोजली गेली, अशी आमची श्रद्धा. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनी हीच कथा मराठी ओवीत घातली, १६१६ साली रायतूरला ती छापली गेली. त्यांनी स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हटलं. इथल्या माणसाशी इथल्याच शब्दांत बोलावं, हे त्या इंग्रज माणसाला कळलं होतं.

वेळ संपत आली. तिसऱ्या गोष्टीतला थोरला भाऊ तुम्हाला आठवत असेल. धाकटा परत आला म्हणून घरात जेवण चाललंय आणि हा रागावून अंगणात उभा. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. तो आत गेला की नाही, ते लूक सांगत नाही. आमच्या शापायचं मात्र मला माहीत आहे. शामाय स्वतः ताटली घेऊन बल्कांवात गेली. त्यांनी तोंड फिरवलं. ती तिथेच उभी राहिली. शेवटी त्यांनी एक पोळा घेतला, मग दुसरा, आणि तिसऱ्याला विचारलं, "चून उरलंय का गे?"