आठवा नॉच : कोकण रेल्वेवरील डिझेल इंजिनांच्या आठवणी

(दृश्य : उक्षी स्थानक, पावसातली दुपार. लूप लाइनवर पॅसेंजर उभी आहे.)

रत्नागिरीच्या अलीकडचे हे उक्षी स्थानक. श्रावणातला पाऊस सकाळपासून लागून राहिला आहे. दिव्याहून सावंतवाडीकडे निघालेली पॅसेंजर लूप लाइनवर घेतलेली आहे, कारण समोरून मडगावहून मुंबईकडे जाणारी मांडवी एक्स्प्रेस यायची आहे. मार्ग एकेरी असल्यामुळे एक गाडी बाजूला झाल्याशिवाय दुसरीला वाट मिळत नाही, आणि बाजूला होण्याची पाळी बहुतेक वेळा पॅसेंजरवरच येते. प्रवासी खाली उतरले आहेत, कोणी नळावर बाटली भरतो आहे, कोणी छत्री घेऊन थेट इंजिनापर्यंत चालत गेला आहे. ही चित्रफीत आम्ही २००९ साली साध्या हँडीकॅमवर घेतली. चित्र हलते आहे आणि रंगही उतरले आहेत. आवाज मात्र स्वच्छ आला आहे, आणि या माहितीपटाचा विषय तो आवाजच आहे.

उभ्या असलेल्या डिझेल इंजिनाचा हा संथ, जड आणि किंचित लंगडत चालल्यासारखा ठोका कोकणातल्या एका पिढीच्या कानात बसलेला आहे. गाडी क्रॉसिंगला थांबली, पंख्यांची घरघर तेवढी उरली आणि डब्यातली बोलणीही ओसरली, की पुढून हा ठोका ऐकू येऊ लागे, आणि तो ऐकू येतो आहे तोवर गाडी निघणार याची खात्री वाटत असे. चाकरमानी गणपतीला गावी निघालेला असो की आंब्याची पेटी घेऊन मुंबईला परतणारी आजी असो, तासभर खोळंबलेल्या माणसाला तेवढा आधार पुरत असे.

(दृश्य : इंजिनाची बाजू जवळून. रंगावर पाण्याचे ओघळ, शेडचे नाव, बाजूच्या जाळीमागे फिरणारा पंखा.)

या इंजिनाच्या बाजूवर कल्याण शेडचे, म्हणजे इंजिनाची देखभाल होते त्या आगाराचे, नाव आहे. केरळकडे जाणाऱ्या गाड्यांच्या इंजिनांवर एर्नाकुलमचे नाव दिसे, आणि फलाटावरची मुले ती नावे वाचून गाडी कुठली ते ओळखत. इंजिनाचे घराणे मात्र अमेरिकेतले आहे. अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीने, म्हणजे अल्कोने, १९६२ साली या मालिकेतली पहिली इंजिने भारताला पुरवली, आणि १९६४ च्या जानेवारीत वाराणसीच्या डिझेल कारखान्यातून त्याच आराखड्याचे पहिले देशी इंजिन बाहेर पडले. त्याला डब्ल्यूडीएम-२ असे नाव मिळाले : डब्ल्यू म्हणजे रुंद मार्ग, डी म्हणजे डिझेल, आणि एम म्हणजे प्रवासी व माल अशा दोन्ही कामांचे. अमेरिकेतली मूळ कंपनी १९६९ मध्ये बंद पडली, तरी वाराणसीत हे घराणे वाढतच राहिले. २६०० अश्वशक्तीच्या मूळ इंजिनापासून ३१०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-३ए आणि ३३०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-३डी तयार झाले. कोकण रेल्वेच्या प्रवासी गाड्या वर्षानुवर्षे ओढल्या त्या प्रामुख्याने याच भावंडांनी.

लांब हूडच्या पत्र्याखाली व्ही आकारात बसवलेले १६ सिलिंडर असतात. इंजिन नुसते उभे असताना त्यांचा दांडा मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेतो, पूर्ण जोरात असताना तेच फेरे हजाराच्या घरात जातात, आणि आपल्याला ऐकू येणारा सगळा चढउतार या दोन आकड्यांच्या मधला असतो. हे इंजिन चाकांना थेट फिरवत नाही. ते वीज तयार करते, ती वीज सहा आसांवरच्या सहा मोटारींना जाते आणि मोटारी चाके फिरवतात. म्हणजे प्रत्येक डिझेल इंजिन आपले छोटे वीजघर पाठीवर घेऊनच कोकणातून फिरत होते, आणि वरती तार नसलेल्या या लांबलचक मार्गावर ती मोठीच सोय होती.

(दृश्य : मांडवी एक्स्प्रेस भरधाव निघून जाते. सिग्नल हिरवा होतो. पॅसेंजरचे इंजिन हॉर्न देते.)

आता मांडवी गेली. पॅसेंजरला सिग्नल मिळाला. लोको पायलटच्या हाताखालच्या दांडीला आठ टप्पे असतात, त्यांना नॉच म्हणतात. पहिल्या नॉचला ठोका जरा घट्ट होतो, डब्यांच्या कपलिंगमधली ढील एकामागून एक निघत जाते आणि तो खडखडाट इंजिनापासून गार्डच्या डब्यापर्यंत धावत जातो. दुसऱ्या-तिसऱ्या नॉचला चाके फिरू लागतात. येथे चित्र काही क्षण थांबवून पुढच्या चाकाकडे पाहावे, अशी विनंती आहे : चाकासमोर रुळापर्यंत उतरलेली एक बारीक नळी आहे, तिच्यातून कोरडी वाळू रुळावर पडते आहे, आणि चाक तिच्यावरून जाताच तिचे पांढरे पीठ होऊन ओल्या रुळाला चिकटते आहे. पावसात रुळ निसरडे होतात आणि शंभर टनांहून जड इंजिनाचे चाकही जागच्या जागी गरगरते. ही मूठभर वाळू त्याला पकड देते.

मग चौथा, पाचवा नॉच, आणि इंजिनाच्या डोक्यावरून काळ्या धुराचा लोट उठतो. पुष्कळांना हा धूर म्हणजे इंजिनात काही बिघाड असावा असे वाटे. खरे कारण वेगळे आहे. नॉच वाढवताच इंधन लगेच वाढते, परंतु सिलिंडरमध्ये जादा हवा भरणारा टर्बोचार्जर धुराच्याच जोरावर फिरत असल्यामुळे त्याला वेग घ्यायला काही क्षण लागतात, तेवढ्यात हवा कमी पडते आणि अर्धवट जळलेले इंधन काळे होऊन बाहेर येते. टर्बोने वेग घेतला की धूर विरळ होतो आणि ठोक्यांच्या वर एक बारीक, चढत जाणारी शीळ ऐकू येऊ लागते. आठव्या नॉचला ठोके वेगळे मोजता येत नाहीत. डोंगर तो आवाज परत पाठवतो, आणि गाडी बोगद्यात शिरली तरी मागे राहिलेल्या दरीत तो काही वेळ फिरत राहतो.

(दृश्य : रानपाट धबधबा, बोगद्याचे तोंड, त्यातून बाहेर येणारी गाडी.)

उक्षीजवळचा रानपाट धबधबा आणि त्याच्या बाजूने बोगद्यातून बाहेर येणारी गाडी हे दृश्य आता मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलेले आहे. आमच्याकडची ही फीत त्या काळच्या आधीची आहे. आधी तोंडातून पांढुरका धूर वाहत येतो, मग दिवा दिसतो, आणि आवाज या दोघांच्याही आधी पोचलेला असतो.

येथून पुढे भोके स्थानकाच्या दिशेने करबुड्याचा बोगदा आहे, साडेसहा किलोमीटर लांबीचा, या मार्गावरचा सर्वांत मोठा. डिझेलच्या धुरामुळे त्याच्यात हवा खेळती ठेवण्यासाठी मोठे पंखे बसवावे लागले, आणि तरीही दुसऱ्या वर्गाच्या उघड्या खिडक्यांतून तो धूर आत येतच असे. बोगदा जवळ आला की जाणती माणसे खिडक्या खाली ओढत. लहानपणी मी ती ओढू दिली नाही म्हणून आईने माझ्या नाकावर तिचा पांढरा रुमाल धरला होता. रत्नागिरीला उतरल्यावर तिने तो उघडून दाखवला, तेव्हा त्यावर माझ्या नाकपुड्यांचे दोन करडे ठसे उमटलेले होते.

(दृश्य : पानवल पूल, खालच्या दरीतून वर पाहताना. गाडी संथपणे पुलावरून जाते.)

हा पानवल नदीवरचा पूल, रत्नागिरी आणि निवसर यांच्यामधला, ६४ मीटर उंचीचा. कोकण रेल्वेच्या बांधणीची कथा पुष्कळदा सांगितली गेली आहे, म्हणून येथे ती आवश्यक तेवढीच सांगतो. बॅरिस्टर नाथ पै आणि प्रा. मधू दंडवते यांनी संसदेत ज्या मागणीचा पाठपुरावा केला, ती जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना मार्गी लागली. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम उभे राहिले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा संपूर्ण मार्ग खुला झाला. त्यात ९० हून अधिक बोगदे आणि लहानमोठे सुमारे २००० पूल आहेत.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा यांपैकी कोणताच नाही. महत्त्वाचा आहे तो चढाचा आकडा. मुंबई-पुण्याच्या बोरघाटात ३७ मीटर अंतराला एक मीटर चढ आहे. कोकण रेल्वे आखताना मात्र दीडशे मीटरला एक मीटर यापेक्षा तीव्र चढ येऊ द्यायचा नाही असे ठरले. त्यासाठी डोंगर फोडले, दऱ्यांवर पूल टाकले, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी असूनही हा मार्ग जवळपास सपाट राहिला. म्हणूनच एकटे अल्को इंजिन इतक्या डब्यांची गाडी घेऊन मागून धक्का देणाऱ्या इंजिनाशिवाय येथून जाऊ शकत होते. या पुलावरून जाताना आवाज पुन्हा बदलतो. बोगद्यात कोंडलेला तो गडगडाट येथे एकदम मोकळा होतो, आणि खाली दरीत उभ्या असलेल्या माणसाला गाडी दिसते त्या मानाने आवाज फार लहान वाटतो. चित्रीकरणाच्या दिवशी आम्ही तेथे चार तास उभे होतो आणि सात गाड्या गेल्या. त्यांपैकी दोन गाड्यांची इंजिने नव्या बनावटीची होती. त्यांचा आवाज सलग आणि दाट आहे, त्यात अल्कोचा तो सुटा ठोका नाही. डोळे मिटूनही दोन्हींतला फरक कळतो.

(दृश्य : रात्र. पावसात हेडलाइटचा झोत, रुळाच्या कडेने कंदील घेऊन चालणारा गस्तीवाला.)

पावसाळ्यात या मार्गाचे वेळापत्रकच वेगळे असते आणि गाड्या कमी वेगाने धावतात. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ आणि १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ झालेल्या अपघातांत अनेक प्रवाशांचा जीव गेला, त्यानंतर दरडींची देखरेख वाढली. हा गस्तीवाला त्याच देखरेखीचा भाग आहे. कोकणकन्या येण्याच्या कितीतरी आधी तो थांबतो, मान तिरकी करून ऐकतो आणि मग रुळापासून दूर होतो. दिवा दिसण्यापूर्वी त्याला ठोका ऐकू आलेला असतो.

(दृश्य : विद्युत खांब, तारा. विजेच्या इंजिनासह मांडवी एक्स्प्रेस.)

रोहा ते ठोकूर या ७४१ किलोमीटरच्या विद्युतीकरणाचे काम २०१५ मध्ये सुरू झाले आणि त्यावर १२८७ कोटी रुपये खर्च आला. शेवटचा टप्पा २०२२ च्या मार्चमध्ये तपासला गेला आणि २० जून २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते हा मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. इंधनाचा खर्च घटला, बोगद्यांतला धूर गेला, गाड्या लवकर वेग घेऊ लागल्या. याच काही वर्षांत दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर दिव्याहून सुटू लागली. अल्को इंजिने देशभर भंगारात निघत आहेत.

(दृश्य : पुन्हा उक्षी, २००९.)

एखादे इंजिन रंगवून स्थानकाबाहेर चौथऱ्यावर उभे केले, म्हणजे त्याचे जतन झाले असे मानण्याची पद्धत आहे. ते इंजिन बघता येते, त्याच्यासमोर छायाचित्र काढता येते, पण ते ऐकता येत नाही. आमची मागणी एवढीच आहे की भंगारात निघणाऱ्यांपैकी एक अल्को इंजिन रत्नागिरीला चालू स्थितीत ठेवावे, वर्षातून काही दिवस ते सुरू करावे, आणि शक्य झाल्यास त्याला चार डबे जोडून उक्षीपर्यंत न्यावे. ते काम ज्यांना येते अशी माणसे, म्हणजे इंजेक्टरचा आवाज ऐकून कोणता सिलिंडर चुकतो आहे ते सांगणारे शेडमधले फिटर आणि वाळूच्या नळीवर हात ठेवून ती ओली आहे की कोरडी ते ओळखणारे सहायक, आज निवृत्त झाले असले तरी आपल्यात आहेत. आणखी वीस वर्षांनी इंजिन मिळाले तरी ती माणसे मिळणार नाहीत.

सुरुवातीला दाखवलेली उक्षीची चित्रफीत आम्ही तेथे अर्ध्यावर तोडली होती. आता ती मांडवी निघून गेल्यापासून पॅसेंजरचा शेवटचा डबा बोगद्यात शिरेपर्यंत सलग दाखवत आहोत. ती चार मिनिटांची आहे. तिच्यावर संगीत घातलेले नाही, आणि येथून पुढे निवेदनही नाही.

(दृश्य : सलग चित्रफीत, मूळ ध्वनीसह. पहिला नॉच.)