किरकोळ खरेदी

(दृश्य : सकाळचे सव्वासात. नागपूर, मानेवाडा भागातली एक गल्ली. स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलेलं.)

निवेदन :

दुधाची पिशवी ओट्यावर ठेवायची. एकट्याने दुकानातून दूध आणायला शिकायचंय, त्यातला पहिल्या आठवड्याचा धडा एवढाच. दुकानात जाणं, पैसे देणं, रस्ता ओलांडणं, सगळं सोबतचा प्रशिक्षक करतो. शेवटचं काम तेवढं या तरुणाचं. पिशवी ओट्यावर आली की त्याच दुधाचा चहा होतो आणि पहिला कप त्याला मिळतो.

तो २२ वर्षांचा आहे. बौद्धिक दिव्यांग. शाळा १८ व्या वर्षी संपली, पुढची चार वर्षं टीव्हीसमोर गेली.

अशा मुलांची तपासणी होते तेव्हा मानसशास्त्रज्ञ घरच्यांना विचारतात : हाताने जेवतो का? बटणं लावतो का? एकटा कुठवर जातो? ही प्रश्नावली म्हणजे व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी. मूळ अमेरिकेतली. तिचं भारतीय रूप ए. जे. मालिन यांनी बसवलं ते इथे, नागपुरात, आणि ते देशभर वापरलं जातं. ८ विभाग, ८९ नोंदी. त्यातली एक नोंद : किरकोळ खरेदी करतो.

कागदावर ती एक ओळ आहे. गल्लीत उतरवली की तिच्या १८ पायऱ्या होतात.

(दृश्य : भिंतीवर चिकटवलेला तक्ता. बोट एकेका चित्रावरून सरकतं.)

खिळ्यावरची पिशवी काढणं, पैशांचं पाकीट खिशात ठेवणं, चपला, कडी, फाटक. मग देवळापर्यंत सरळ. कडेला थांबणं, रस्ता ओलांडणं, दुकानात आपली पाळी येईपर्यंत उभं राहणं, मागणं, पैसे देणं, उरलेले घेणं... आणि तसंच परत. शिकवताना मात्र सुरुवात शेवटापासून होते. पहिल्या पायरीपासून सुरू केलं तर मूल चपला घालून थकतं आणि हाती काहीच लागत नाही. शेवटची पायरी आधी दिली की रोज काम पुरं होतं, रोज चहा मिळतो. सलग तीन दिवस एक पायरी मदतीशिवाय जमली की तिच्या आधीची घ्यायची.

मदत किती लागली, ते वहीत एका अक्षरात लिहितात. हात धरून केलं तर 'ह', खुणेने केलं तर 'ख', तोंडी सांगावं लागलं तर 'त', आणि आपलं आपण केलं तर 'स्व'. मदत करण्याआधी मनात पाच आकडे मोजायचे. पाच आकडे फार नाहीत, पण आईला विचारा. तिसऱ्या आकड्यालाच तिचा हात पुढे जातो.

यात सगळ्यांत चिवट निघतो तो 'त'. हात धरणं हळूहळू सुटतं, खूणही सुटते. 'आता पैसे दे', 'आता पिशवी घे' हे सुटत नाही. आपल्याला ते मदत वाटतच नाही, नुसतं बोलणं वाटतं. त्याला मात्र सवय लागते आवाजाची. आवाज आला नाही की तो थांबतो. म्हणून शक्य तिथे सांगण्याऐवजी तक्त्यावरच्या चित्राकडे बोट दाखवायचं.

(दृश्य : गल्ली. तो पुढे, प्रशिक्षक पंधरा पावलं मागे. कुठेतरी कुकरची शिट्टी.)

आता रस्ता. दुकानाला जवळची वाट दुसरी आहे, पण तिथे दोनदा रस्ता ओलांडावा लागतो. लांबची वाट घेतली, एकदाच ओलांडायचं म्हणून. वाटेवरच्या खुणा निवडताना पहिल्यांदा चूक झाली : तर्री पोह्यांची गाडी ही खूण ठरवली होती. एके दिवशी गाडी लागली नाही आणि तो तिथेच घुटमळला. खूण हलणारी नको. देऊळ चालतं, विजेची डीपी चालते, निळं फाटकही चालतं, रंग बदलेपर्यंत. होर्डिंग अजिबात नको.

येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज त्याला येत नाही. म्हणून नियम सोपा केलाय. गाडी डीपीच्या अलीकडे आली असेल तर थांब. पलीकडे असेल तर चल. दोन्ही बाजूंना पाहायचंच, कारण उलट्या बाजूने येणारी स्कूटी कोणत्या नियमात बसते? आणि हा नियम फक्त या गल्लीपुरता. रिंग रोडसाठी नाही.

उन्हाळ्यात सगळं सकाळी आठच्या आत. पारा ४५ वर गेलेला असताना भर दुपारी शिकवायला नेलं तर धडा कसला, त्रासच. त्यात अशा अनेकांना फिटचा आजार असतो. गोळीची वेळ सांभाळूनच बाहेर पडायचं.

(दृश्य : पाकीट जवळून. तीन कप्पे, प्रत्येकावर नोटेचा रंगीत चौकोन.)

हिशेब येत नसला तरी खरेदी करता येते. पाकिटात फक्त दहाच्या नोटा ठेवायच्या आणि दुकानदार जो आकडा सांगेल त्याच्या पुढचा दहाचा टप्पा मोजून द्यायचा. ३४ म्हटलं की चार नोटा. उरलेले परत येतील. हे पक्कं झालं की मग रंग : विसाची हिरवट पिवळी, पन्नासाची निळी, शंभराची जांभळी. इथे एक गोची आहे. शंभराची जुनी नोटही निळसर असते आणि अजून चालते. घरातल्या जुन्या नोटा पाकिटात येणार नाहीत, एवढी काळजी आईने घ्यायची. दुकानातून परत आली तर ती वेगळी काढायची.

दुसरी गोची सुट्ट्यांची. बाकी गिऱ्हाईक फोनवरून पैसे देतात, गल्ल्यात चिल्लर उरत नाही, मग दुकानदार हातावर चॉकलेट ठेवतो. घरी आल्यावर पैसे का कमी, हे त्याला सांगता येत नाही.

म्हणून अर्धं शिक्षण काउंटरच्या त्या बाजूचं. दुकानदाराला चार गोष्टी सांगितल्या. प्रश्न त्याला विचारा, मागे उभ्या असलेल्या माणसाला नाही. एका वेळी एकच प्रश्न. उत्तराला वेळ द्या. आणि फुकट काही देऊ नका. चौथ्या गोष्टीवर दुकानदार थोडा नाराज झाला. 'लेकराला एक गोळी दिली तर काय बिघडते जी?' बिघडतं ते असं की आज इथे फुकट मिळालं, तर उद्या दुसऱ्या दुकानातून तो पैसे न देता उचलेल. तिथे त्याला कोणी लेकरू म्हणणार नाही.

गल्लीतले लोकही शिकतात, जरा उशिरा. सुरुवातीला रोज कोणीतरी अडवायचं. 'काहून एकटं सोडलं बाप्पा याला?' दोघांनी तर हात धरून घरी आणून सोडलं. भावना चांगलीच, पण तीन दिवसांचे 'स्व' गेले. मग घरोघरी सांगितलं : तो चालत असेल तर चालू द्या. रडत असेल, किंवा बराच वेळ एका जागी उभा असेल, तर खिशातलं कार्ड मागा. त्यावर नाव आणि दोन फोन नंबर आहेत. कार्ड खिशातच. गळ्यात अडकवलेली पाटी दुरून वाचता येते, ज्याने वाचू नये त्यालाही.

अशीच मायेची चूक मंडळांत होते. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन लहान पोरांच्या रांगेत या २२ वर्षांच्या माणसाला उभं करतात. टाळ्या पडतात, फोटो निघतात. त्याच्या वयाची पोरं तेव्हा मंडप बांधत असतात, पाण्याचे ग्लास वाटत असतात. त्याला ते काम द्या. स्पीकरपासून लांब द्या, म्हणजे तो टिकेल.

कागदपत्रांचं थोडक्यात. १८ वर्षं पूर्ण झाली की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. त्याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, १ लाख रुपयांपर्यंत. आणि चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा मुद्दाम पाणउतारा करणं हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने गुन्हा आहे, किमान सहा महिने कैद.

(दृश्य : दुकानाचं शटर. खाली ओढलेलं. समोर तो, हातात पिशवी.)

तक्त्यावरच्या अठराही पायऱ्यांपुढे 'स्व' आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. तो पाळी येईपर्यंत उभा राहिला. तेच तर शिकवलं होतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मागे पंधरा पावलांवर प्रशिक्षक पाचच्या पुढे आकडे मोजत होता.

शेवटी प्रशिक्षकाने जवळ जाऊन शटरकडे बोट दाखवलं, मग घराच्या दिशेने. वहीत एक 'ख' पडला. तक्त्याखाली पेन्सिलीने एकोणिसावं चित्र काढलं, बंद शटरचं.

त्या सकाळी घरात कोरा चहा झाला.