काठावरून कळतो रांजण

बेळगावचं वडगाव म्हटलं की आठवतात माग आणि साड्या. याच वडगाव-माधवपूरच्या मातीखाली सातवाहन काळातली वस्ती आहे. १९७०च्या दशकात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठानं इथं उत्खनन केलं.

नाणं सापडलं की बातमी होते, खापराची होत नाही. पण काळ ठरवताना खापराचा भरवसा मोठा. नाणं माणूस पिढ्यान् पिढ्या जपतो. फुटलेलं मडकं त्याच आठवड्यात उकिरड्यावर जातं. म्हणून ज्या थरात खापर, बहुधा त्याच काळातलं ते.

[दृश्य: धुऊन वाळत घातलेली खापरं]

आधी रंग आणि भाजणी बघायची. आतून काळं, बाहेरून तांबडं असेल, तर भांडं बहुधा उपडं ठेवून भाजलं असणार. आत हवा पोचली नाही. तांबूस लेपावर पांढऱ्या रेघा दिसल्या, तर सातवाहन काळाची शक्यता वाढते.

मग आतली बाजू. हे खापर तिरक्या उजेडात धरा. आत उथळ, गोल खळगे दिसतात? कुंभार आतून दगडी गोळा धरतो आणि बाहेरून लाकडी थापी मारतो, त्याच्या या खुणा. खानापूरच्या कुंभारवाड्यात हे दाखवलं, तर पुस्तकाची गरज पडू नये.

पण खरी ओळख काठाची. पोटाचा तुकडा फारसं बोलत नाही; घागर, माठ, रांजण, सगळ्यांची पोटं सारखीच. काठ मात्र घडणीप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतो: कधी बाहेर वळलेला, कधी जाड, कधी आत झुकलेला. काठाचा तुकडा सपाट फळीवर उपडा ठेवायचा आणि खालून उजेड दिसेनासा होईपर्यंत कलवायचा. तोच त्याचा मूळ कल. मग एकात एक वर्तुळं काढलेल्या कागदावर ठेवून कुठलं वर्तुळ जुळतं ते पाहायचं. बोटभर तुकड्यावरून अख्ख्या रांजणाचं तोंड किती रुंद होतं, ते कळतं.

वर्गवारी चुकली की इतिहासही चुकतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर मिळालेले काही तुकडे बरीच वर्षं रोमन मद्यकुंभांचे मानले गेले. पुढे आतला काळा लेप नीट पाहिला, तेव्हा तो डांबराचा निघाला. बिनकानाचे, निमुळत्या बुडाचे हे रांजण मेसोपोटेमिया आणि इराणी आखाताकडचे होते. त्या तुकड्यांवरून मांडलेला रोमशी व्यापार पुन्हा तपासावा लागला.