सक्ती नको म्हणून जन्मलेली योजना

(राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

दरवर्षी २४ सप्टेंबरला आपण राष्ट्रीय सेवा योजनेचा, म्हणजे एनएसएसचा, वर्धापनदिन साजरा करतो. एखादं रोप लावतो, फोटो काढतो आणि कुणीतरी वाचून दाखवतं की, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ साली, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. सगळं खरं आहे. पण त्यामागे वीस वर्षं घोळत पडलेला एक वाद होता, त्याचा उल्लेख कुणी करत नाही. तरुणांकडून सेवा सक्तीनं करून घ्यायची की त्यांच्या मर्जीवर सोडायची, हा तो वाद. आज मला त्याबद्दलच बोलायचंय, कारण तो संपलाय असं मला वाटत नाही.

स्वातंत्र्य मिळाल्यावर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला. त्यानं शिक्षणसंस्थांमध्ये राष्ट्रसेवा असावी, पण ऐच्छिक असावी, असं सुचवलं. ते कागदावर राहिलं. मग १९५८ मध्ये नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं आणि पदवीसाठी समाजसेवेची अटच घालता येईल का, ही कल्पना मांडली. पंतप्रधानांनीच म्हटल्यावर चक्रं फिरली. १९५९ मध्ये समिती नेमली गेली आणि अध्यक्षपदी आले आपले चिंतामणराव देशमुख.

रायगड जिल्ह्यातला हा माणूस, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून आलेला. त्यांनी मोघम काही लिहिलं नाही. शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलानं आधी नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रसेवा करावी, आणि ती सक्तीची असावी, अशी शिफारस त्यांच्या समितीनं केली. कल्पना करा, शाळेनंतरचं एक अख्खं वर्ष! खर्चाचा आकडा आणि अंमलबजावणीच्या अडचणी पाहूनच सरकार मागे सरलं. देशमुखांना पैशाचं गणित कळत नव्हतं असं तर कुणी म्हणणार नाही. त्यांना हा खर्च करण्याजोगा वाटला होता, एवढाच याचा अर्थ.

त्यानंतर शिक्षणतज्ज्ञ के. जी. सय्यदैन यांनी परदेशांतल्या अशा योजनांचा अभ्यास केला आणि सेवा ऐच्छिकच हवी, असा अहवाल दिला. १९६४ ते ६६ च्या कोठारी शिक्षण आयोगानं शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवा जोडायला सांगितलं. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, म्हणजे कोल्हापूरकडचे, गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभं करणारे. खेड्यात राहून शिक्षणाचं काम केलेला माणूस त्या खोलीत बसला होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

याच सुमाराला सक्तीचा एक प्रयोग देशासमोर चालू होता. चीन युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजातली एनसीसी, म्हणजे राष्ट्रीय छात्रसेना, सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक करावी लागली. नुसती हजेरी लावायला परेडला येणारी पोरं कशी असतात, हे तेव्हाच्या प्राध्यापकांना कुणी सांगायला नको होतं. म्हणून त्याआधीच, एप्रिल १९६७ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं की ज्याला हवं त्यानं एनसीसी घ्यावी, ज्याला नको त्याच्यासाठी दुसरा पर्याय द्यावा. तो पर्याय म्हणजे आपली एनएसएस. चौथ्या पंचवार्षिक योजनेत तिला ५ कोटी रुपये मिळाले आणि शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ती सुरू केली.

सुरू तर झाली, पण करायचं काय? तर कॉलेजचं आवार झाडायचं! उत्तर दिलं दुष्काळानं. १९७३ च्या सुमारास 'दुष्काळाविरुद्ध युवक' या नावाखाली देशभर शिबिरं भरली. बहात्तरचा दुष्काळ आपल्याकडे कुणाला सांगावा लागत नाही. खडी फोडायला गेलेल्या आयाबाया प्रत्येकाच्या घरात होत्या. मग घाण आणि रोगराईविरुद्धची शिबिरं आली, वनीकरण आलं, आणि दत्तक गावात राहायला जाण्याची पद्धत रुजली. तसं आपल्याकडे हे नवं नव्हतंच. १९४१ पासून राष्ट्र सेवा दल होतं, सोमनाथला बाबा आमट्यांची श्रमसंस्कार छावणी होती. फरक इतकाच की तिथं जाणारा मुलगा मुळातच ओढीनं जायचा. एनएसएसमध्ये मित्र जातोय म्हणूनही मुलं येतात, आणि मला ती जास्त आवडतात.

नियमावलीत दोन वर्षांत २४० तास आणि एक निवासी शिबिर, एवढंच लिहिलंय. शिबिर कसं असतं ते तुम्ही जाणता. जिल्हा परिषदेच्या शाळेत बाकं भिंतीला लावून अंथरुणं पडतात. पहाटे प्रभातफेरी, मग टिकाव-फावडी घेऊन बंधाऱ्यावर. पहिल्या दिवशी घमेल्यांची साखळी दर दोन मिनिटांनी तुटते, कारण कुणीतरी भरलेलं घमेलं छातीशी धरून उभाच राहतो. बंधाऱ्याच्या कडेला बसलेले म्हातारे हसतात. तिसऱ्या दिवशी त्यांतलाच एखादा न राहवून उठतो आणि 'अरे, टिकाव असा नाय धरत' म्हणत पोराच्या हातातून काढून घेतो. माझ्या मते शिबिर तिथून सुरू होतं. दुपारच्या बौद्धिकात आमच्यासारखे वक्ते अर्ध्या पेंगणाऱ्या मुलांपुढे बोलतात. संध्याकाळी घरोघर सर्वेक्षण. 'शौचालय आहे का' या रकान्यात 'आहे' लिहून आलेली मुलगी रात्री सांगते, 'सर, आहे, पण त्यात सरपण भरलंय.' अहवालात मात्र 'आहे' एवढंच जातं.

आणि हे सगळं कोण चालवतं? वर्गावरचे तास सांभाळून कार्यक्रम अधिकारी. अनेक वर्षं केंद्राचे सात वाटे नि राज्याचे पाच, असा खर्च विभागलेला असे. ते बारा वाटे एकत्र येईपर्यंत शिबिर उरकून किराणावाल्याचा तगादा सुरू झालेला असायचा. तरीही संख्या सुमारे ४० लाखांवर गेली. त्याचं श्रेय मी परिपत्रकांना देत नाही.

आता मूळ वादाकडे येतो. काही विद्यापीठांत एनएसएसला दहा गुण मिळू लागले. नव्या शैक्षणिक धोरणात ती सहअभ्यासक्रमात आली, क्रेडिट्स, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, आली. सक्ती कुणी केलेली नाही, पण गुणांच्या आशेनं येणारा मुलगा आणि एनसीसीच्या परेडला येणारा मुलगा यांत फार अंतर नाही. देशमुखांची सक्ती निदान उघड होती आणि वर्षभराची होती. ही दोन क्रेडिटांची आहे. गुण काढून टाका, असं मी म्हणणार नाही. कामावर जाऊन शिकणाऱ्या मुलाला त्या दहा गुणांची किंमत असते.

पण मूल्यमापन करताना आपण फक्त तास मोजतो. आमच्याकडचे काही सहकारी शिबिर संपताना गावकऱ्यांकडून एका कागदावर शेरा लिहून घेत. काय झालं, काय राहिलं, पोरं कशी वागली. 'बंधारा बरा, पण चर उलट्या बाजूला काढलाय' असेही शेरे येत. तो कागद अहवालाला जोडायला कुठल्याही परिपत्रकाची मनाई नाही. पुढच्या हिवाळी शिबिरापासून जोडा, आणि चर पुढच्या तुकडीकडून दुरुस्त करून घ्या.